पुन्हा एकदा तेच नाटक

प्रिय ताई,

मी वीस वर्षांची असून भांडुपला राहते आणि दादरच्या एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला शिकते. मला चित्रपट, पुस्तके, नाटके आणि कविता या चारही गोष्टींचे वेड आहे. दहावीपासून मी एका वहीत यादी ठेवते. गेल्या वर्षी माझे १४३ चित्रपट, ३८ पुस्तके आणि १९ नाटके झाली. सगळे पुरे व्हावे म्हणून मोबाइलवरचे चित्रपट मी आता दीडपट वेगाने पाहते. कविताही करते, पण त्या कोणाला दाखवत नाही. मागच्या महिन्यात कँटीनमध्ये एका मैत्रिणीने, "तुला तो चित्रपट एवढा आवडला, तर त्यात काय आवडले ते सांग," असे विचारले आणि "भारी आहे" यापलीकडे मला एक शब्द सुचला नाही. त्या दिवसापासून कशातच मन लागत नाही. बाबा म्हणतात, "एक ना धड, भाराभर चिंध्या." यातून काही होणार नसेल तर बँकेच्या परीक्षांचा अभ्यास कर, असे त्यांचे म्हणणे आहे. आमच्या घरात या गोष्टींची आवड कोणालाच नाही. आजोबा तेवढे लालबागला गिरणीत असताना गणपतीतल्या नाटकांत काम करायचे, असे आजी सांगायची. या चारांपैकी मी कोणती एक आवड ठेवावी?

एक वाचक, भांडुप

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते आणि कारणे मग सांगते. चारांपैकी एकही आवड सोडू नकोस. सोडायचीच असेल तर वहीतली ती बेरीज सोड, आणि दीडपट वेग तर आजच सोड.

या चार आवडी म्हणजे चार वेगळी दुकाने आहेत आणि सगळ्यांचे भाडे भरणे परवडणार नाही, असे तुला वाटते आहे. प्रत्यक्षात त्या एकाच घरातल्या चार खोल्या आहेत आणि मधली दारे कायम उघडी असतात. १९८३ सालचा 'अर्धसत्य' हा चित्रपट घे. मुंबईतल्या एका पोलीस उपनिरीक्षकाची ती गोष्ट. तिचा मूळ आधार श्री. दा. पानवलकर यांची मराठी कथा; पटकथा लिहिली विजय तेंडुलकर यांनी, ज्यांना आपण आधी नाटककार म्हणून ओळखतो; दिग्दर्शन गोविंद निहलानी यांचे; आणि चित्रपटाला ज्या कवितेतून नाव मिळाले ती दिलीप चित्रे यांची. कथा, नाटककाराची लेखणी, कविता आणि कॅमेरा अशी तुझी चारही वेडे तिथे एका पडद्यावर भेटतात. कवितेचा तो प्रसंग कधीतरी सावकाश पाहा. नायिकेने दिलेले पुस्तक उघडून ओम पुरी वाचायला सुरुवात करतात ती सहज, पण ओळी पुढे सरकतात तसा आवाज जड होत जातो आणि हा माणूस आता कविता वाचत नसून स्वतःविषयीच काहीतरी ऐकतो आहे, हे आपल्या ध्यानात येते. ज्याने आयुष्यात एखादी तरी कविता स्वतःशी मोठ्याने म्हटलेली आहे, त्याला त्या आवाजात नेमके काय बदलले ते सांगता येते. तू नुसती चित्रपटांची राहिलीस तर ते तुझ्या हातून निसटेल. चित्रे स्वतः चित्रकारही होते आणि त्यांनी चित्रपटही दिग्दर्शित केला. अरुण कोलटकर जाहिरातींच्या जगात चित्रकार म्हणून काम करत आणि मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत कविता लिहीत. या शहरात कलांची ही ये-जा जुनी आहे.

तरीही कँटीनमधल्या त्या क्षणाकडे मी दुर्लक्ष करणार नाही, कारण तुला तिथे जे बोचले ते खरे आहे. "तसे काही नाही, तुला सगळे कळते" असे म्हणून मी तुझी समजूत काढली, तर तुझ्या पत्राचा अपमान होईल. बाबांच्या म्हणीतही तथ्य आहे, फक्त त्याचे कारण त्यांनी दुसरीकडे शोधले. विषय चार आहेत म्हणून चिंध्या झाल्या नाहीत. प्रत्येक गोष्टीला एकदाच हात लावला आणि ती लगेच खाली ठेवली, म्हणून झाल्या. वर्षाला १४३ चित्रपट म्हणजे अडीच दिवसांना एक. मनात एक चित्रपट नीट मुरायच्या आत दुसरा येऊन बसतो, आणि मग कोणी विचारले की ओठांवर तेवढे एकच विशेषण उरते.

दीडपट वेगाविषयी मला थोडे अधिक बोलायचे आहे. चित्रपटात पात्र गप्प बसते तेव्हा ती शांतता किती वेळ ठेवायची, हे संकलकाने फ्रेम मोजून ठरवलेले असते. सहा सेकंदांची ती शांतता तुझ्या मोबाइलवर चार सेकंदांची होते. संवाद तुला पूर्ण ऐकू येतात, कथानक समजते, यादीत नोंदही होते. पण प्रश्न विचारल्यावर आई उत्तर द्यायला जेवढा उशीर लावते त्या उशिरातच जर सगळा प्रसंग असेल, तर तो प्रसंग तू पाहिलेलाच नाहीस. कविता वाचताना ओळीनंतरची कोरी जागा ओलांडून धावत सुटावे, तसे ते आहे.

आता माझा एक अनुभव सांगते. मी तुझ्याएवढी असताना दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात बाल्कनीत बसून एक कौटुंबिक नाटक पाहिले होते. दुसऱ्या अंकात घरातला मोठा मुलगा आणि वडील यांच्यात जोराचे भांडण होते आणि ते चालू असताना आई मागे बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत असते. मला भांडण आवडले. टाळ्या वाजवल्या, मध्यंतरात बटाटेवडा खाल्ला, घरी येऊन सगळ्यांना "फार छान नाटक आहे" असे सांगितले. दोन महिन्यांनी एका मैत्रिणीकडे एक तिकीट जास्तीचे होते, म्हणून तेच नाटक पुन्हा पाहिले आणि या वेळी तिसऱ्या रांगेत बसले. आता भांडणात पुढे काय होणार ते मला ठाऊक होते, त्यामुळे माझे डोळे मोकळे होते. तेव्हा मला दिसले की ती बाई सगळ्या कपड्यांच्या घड्या एकावर एक रचते, पण मुलाचा एक सदरा मात्र प्रत्येक वेळी उचलून बाजूला ठेवते आणि भांडण संपायच्या बेताला तो हळूच पलंगाखालच्या ट्रंकेवर नेऊन ठेवते. मुलगा घर सोडणार हे त्याला स्वतःला तिसऱ्या अंकात कळते. आईला ते दुसऱ्या अंकातच कळलेले होते आणि तिने त्याची तयारी सुरू केली होती. यासाठी संहितेत एकही वाक्य नव्हते. बाल्कनीतूनही तो सदरा दिसत होताच, मी पाहिला नव्हता. त्या रात्री दादरच्या पुलावरून जाताना मी मैत्रिणीला पहिल्यांदा एखाद्या नाटकाविषयी काहीतरी सांगू शकले, आणि ते सांगताना "छान" हा शब्द मला एकदाही लागला नाही.

आपल्याकडे गाणे ऐकणाऱ्या जुन्या माणसांपाशी यासाठी एक नेमका शब्द आहे. ते "गाणे चांगले झाले" एवढ्यावर थांबत नाहीत, "काय जागा घेतली!" असे म्हणतात, म्हणजे गाण्यातल्या एका नेमक्या क्षणावर बोट ठेवतात. नाटकवालेही हशाच्या आणि टाळ्यांच्या जागा म्हणतात. रसिकाने शोधायची असते ती जागा. मैत्रिणीने पुन्हा कधी विचारले तर सगळ्या चित्रपटाविषयी मत देण्याचे ओझे घेऊ नकोस; एक जागा सांग. अमुक प्रसंगात दार उघडे राहिले होते, अमुक वेळी पार्श्वसंगीत थांबले आणि पंख्याचा आवाज ऐकू आला, एवढे पुरे आहे. पहिल्या भेटीत ही जागा क्वचित सापडते, कारण तेव्हा मन "पुढे काय" या प्रश्नाने ओढले जात असते. दुसऱ्या भेटीत तो प्रश्न सुटलेला असतो आणि "हे कसे केले" हा प्रश्न आपोआप वर येतो. म्हणून माझा सल्ला एवढाच आहे की यंदा नवे कमी पाहा आणि आवडलेले पुन्हा पाहा.

नाटकाला तर हे सर्वांत जास्त लागू पडते, कारण नाटक दुसऱ्यांदा पाहताना तू तीच वस्तू पाहत नसतेस. प्रयोग रोज नवा असतो. रविवारी दुपारी चारच्या प्रयोगाला जिथे हशा येतो तिथे रात्रीच्या प्रयोगाला सभागृह गप्प बसते, आणि नट त्या शांततेला कसे सांभाळून घेतो ते पाहण्यासारखे असते. तुला मुलुंडचे कालिदास नाट्यमंदिर जवळ आहे. दादर, माटुंगा तर रोजच्या वाटेवर. दुपारचा प्रयोग निवडलास तर परतीच्या गाडीची काळजी घरच्यांनाही राहणार नाही. १९ नाटकांऐवजी नऊ पाहा, पण त्यांतली तीन दोनदा पाहा. एकदा मागून आणि एकदा, जमले तर, पुढून. महाविद्यालयात एकांकिका बसत असेल तर तालमीला जा आणि प्रॉम्प्टिंगचे, म्हणजे नटाला विसरलेले वाक्य आडून सांगण्याचे, काम माग. हातात संहिता घेऊन तेच वाक्य चाळीस संध्याकाळी ऐकण्यासारखे दुसरे शिक्षण नाही. एखादा शब्द नटाच्या जिभेवर का अडतो आणि दिग्दर्शक तो का बदलत नाही, हे तिथे कळते.

चित्रपटांसाठी माणसांची सोबत शोध. १९६८ मध्ये स्थापन झालेले प्रभात चित्र मंडळ ही मुंबईतली जुनी फिल्म सोसायटी आहे. असल्या संस्थांत अंधार संपल्यावर लोक लगेच उठून जात नाहीत, थांबतात आणि बोलतात. पहिल्या काही वेळी तू नुसती ऐक. साठीतला एखादा सभासद एका दृश्यातल्या सावलीविषयी दहा मिनिटे बोलतो तेव्हा बोलण्याची भाषा आपल्यालाही हळूहळू येऊ लागते.

पुस्तकांबद्दल मला फार सांगायचे नाही, ३८ हा आकडा मला मुळीच जास्त वाटत नाही. फक्त ती सगळी विकत घेत असशील तर ग्रंथालयाची वर्गणी भर. मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघ आहे, आणि १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय तर तुझ्या दादरच्या महाविद्यालयापासून लांब नाही. नायगावच्या त्यांच्या संदर्भ विभागात जुनी नियतकालिके चाळत एखादी दुपार घालव. पुस्तक बदलायला गेलीस की कधीतरी मुद्दाम वर्षापूर्वी वाचलेलेच पुन्हा घेऊन ये. ग्रंथालयाच्या जुन्या प्रतींत आधीच्या वाचकांनी पेन्सिलीने खुणा केलेल्या असतात. पुस्तकांवर लिहू नये हे मान्य, पण त्या अनोळखी माणसाला तीस वर्षांपूर्वी कोणती ओळ थांबवून गेली हे पाहताना मला नेहमी सोबत मिळाल्यासारखे वाटते.

कवितेसाठी तुझ्याकडे रोजची गाडी आहे. भांडुपहून दादरला धीम्या लोकलने जाताना मध्ये सात स्थानके लागतात. दोन स्थानकांमध्ये दोन ओळी पाठ करायच्या म्हटल्या तर दादर येईपर्यंत सोळा ओळी होतात, आणि परतताना त्या न पाहता म्हणून पाहायच्या. गर्दीत पुस्तक उघडायलाही जागा नसते, पण पाठ असलेल्या कवितेला जागा लागत नाही. पाठ केलेली कविता ही शेकडो वेळा वाचलेली कविता असते; महिन्याभराने कधीतरी विक्रोळी आणि घाटकोपरच्या मध्ये एखादा शब्द अचानक उजळतो आणि तो तिथेच का आहे ते समजते. तुझ्या स्वतःच्या कवितांनाही हीच वागणूक दे. लिहिलेली कविता महिनाभर बंद ठेव, मग मोठ्याने वाच आणि जिथे जीभ अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण कर. अशा खुणांनंतर जी उरेल ती एकाच माणसाला दाखव, जो कौतुकही करणार नाही आणि हसणारही नाही. कँटीनमध्ये तुला तो प्रश्न विचारणारी मैत्रीण मला यासाठी योग्य वाटते. "काय आवडले ते सांग" असा प्रश्न विचारणारी माणसे आयुष्यात फार थोडी भेटतात. तिच्यावर रुसू नकोस.

राहिली ती वही. ती फेकून देऊ नकोस, दहावीपासूनची आहे. फक्त यापुढे अनुक्रमांक लिहू नकोस. त्या जागी एका ओळीत, पाहिलेल्या गोष्टीतली एक जागा लिही. ओळ सुचली नाही तर पान कोरे ठेव आणि ते कोरे पान पाहून ठरव, की पुन्हा जायचे का.

आता बाबांविषयी. बँकेची परीक्षा आणि ही आवड यांत वैर आहे असे त्यांना वाटते, आणि मला भीती आहे की हळूहळू तुलाही तसे वाटू लागले आहे. मुंबईची रंगभूमी ज्यांनी उचलून धरली त्यांतली कितीतरी माणसे दिवसा बँकांत आणि सरकारी कचेऱ्यांत काम करत होती आणि संध्याकाळी सहानंतर तालमीला जात होती. बँकांच्या आपापसांतल्या नाट्यस्पर्धा होत. १९५४ पासून चालत आलेली राज्य नाट्यस्पर्धाच मुळी हौशी कलावंतांची. नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले, महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई आणि पुढे शिक्षक म्हणून नोकरी केली, आणि कविता लिहिली. तेव्हा परीक्षेचा अभ्यास कर, मनापासून कर. त्यासाठी वर्षाचे शंभर चित्रपट कमी झाले तर तुझे काही बिघडणार नाही, हे वर सांगितलेच आहे. आणि ही आवड तुला लेखिका किंवा अभिनेत्री करणार नसेल, तर ती वाया गेली असे समजू नकोस. नाटकाला पाहणारा लागतो, कवितेला वाचणारा लागतो, आणि चांगला पाहणारा होणे हे वर्षानुवर्षे करायचे काम आहे.

एक गोष्ट मात्र तुझ्या पत्राच्या पहिल्या वाचनात माझ्याकडूनही सुटली होती. "आमच्या घरात या गोष्टींची आवड कोणालाच नाही," असे लिहून पुढच्याच वाक्यात तू आजोबांचे नाव घेतले आहेस. गिरणगावातली गणपतीतली नाटके ही काही गंमत म्हणून केलेली गोष्ट नव्हती. पाळी संपवून आलेले कामगार रात्री उशिरापर्यंत तालमी करत. चाळीच्या चौकात मंच उभा राही, आणि परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगारांनी आपल्या हिमतीवर प्रयोग केले. गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, चाळी पांगल्या आणि ती नाटकेही विरत गेली. तुझे बाबा तेव्हा लहान असतील. आवडीच्या मागे पोटाचा आधार नसला की घरात काय होते, ते त्यांनी त्या वयात पाहिले असेल, आणि म्हणून कदाचित ती म्हण त्यांच्या तोंडी एवढ्या लवकर येत असेल. हा माझा अंदाज आहे. खरे काय ते तेच सांगू शकतील.

त्यांच्याशी वाद घालू नकोस. एखाद्या रविवारी जेवण झाल्यावर त्यांना विचार, की आजोबा नाटकात कोणते काम करायचे. राजाचे, खलनायकाचे की साडी नेसून स्त्रीपार्टी? तालीम कोणाच्या खोलीत व्हायची? आणि प्रयोगाच्या वेळी बाबा स्वतः कुठे बसायचे, समोर सतरंजीवर की विंगेत? जे सांगतील ते वहीच्या नव्या पानावर लिहून घे आणि आठवड्याभराने पुन्हा विचार. दुसऱ्यांदा विचारल्यावर त्यांना आणखी काही आठवले, तर मला जरूर कळव.

तुझी,
ताई